'संकलन' म्हणजे नुसतं गोळा करणं नव्हे

प्रश्न असा आहे: नावं, आकडे, पत्ते अशा माहितीच्या याद्यांवर कॉपीराइट असतो का, याबद्दल लिहिताना 'संग्रह' म्हणावं की 'संकलन'? की दोन्ही एकच?

एकच नाहीत. ते एकच असल्याचा समज पसरवलाय तो दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलून खाली 'संकलन : अमुक तमुक' असं ठोकून देणाऱ्या फॉरवर्डवीरांनी. त्याला मराठीत उचलेगिरी असा स्वच्छ शब्द आहे, तो वापरा.

'संग्रह' सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. गंमत 'संकलना'त आहे. सम् अधिक कल्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, कल्‌चा एक अर्थ 'संख्यान', म्हणजे मोजणं. म्हणून तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बेरीज म्हणजे संकलित आणि वजाबाकी म्हणजे व्यवकलित. 'आकलन' याच घरातलं. आपलं 'कळणं'सुद्धा तिथलंच, असं माझं ठाम मत. तेव्हा कळून-सवरून जमवलेलं ते संकलन! यावर काही पंडित नाक मुरडतात: 'कळणं' हा पुढे आलेला अर्थ, त्यावर इमले बांधू नका. मग त्यांनी एखाद्या चित्रपटाची श्रेयनामावली वाचावी. तिथला संकलक काय गोळा करत हिंडतो? समोर चित्रीकरणाचा ढीग पडलेला असतो. तो कापतो, राखतो, क्रम लावतो.

इंग्रजी 'कंपाइल'चं कुळ मात्र वेगळंच. लॅटिन 'कॉम्पिलारे' म्हणजे लुटणं! 'कंपाइल करणे = संकलन करणे' असं बिनदिक्कत छापणाऱ्या कोशांनी दरोडेखोर आणि हिशेबनीस एकाच बाकावर बसवलेत.

आता कायदा. अमेरिकेत 'रूरल' या टेलिफोन कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नोंदी 'फाइस्ट' या प्रकाशकाने आपल्या डिरेक्टरीत घेतल्या. 1,309 नोंदी तंतोतंत जुळल्या, आणि त्यांतल्या चार तर नक्कल पकडण्यासाठी रूरलने मुद्दाम घातलेल्या खोट्या नोंदी होत्या! तरीही 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रूरल हरली. तथ्यं कोणाच्या मालकीची नसतात, आणि नुसता घाम गाळल्याने कॉपीराइट मिळत नाही. निवडीत किंवा मांडणीत थोडी तरी स्वतःची कल्पकता हवी. आडनावांची वर्णानुक्रमे यादी लावण्यात कसली आलीय कल्पकता? आपल्या 1957 च्या कायद्यात तक्ते आणि संकलनं 'साहित्यकृती'त मोडतात खरी, पण 2007 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही निवाड्यांच्या संपादित प्रतींबाबत निव्वळ कष्ट पुरेसे मानले नाहीत. निवाड्यांच्या मजकुरावर प्रकाशकाचा हक्क नाही. त्याने स्वतः लिहिलेल्या शीर्षटिपांवर, म्हणजे निवाड्याच्या माथ्यावर दिलेल्या सारांशांवर, आहे.

म्हणजे न्यायाधीशांना जे कळलं ते कल् धातूने आधीच सांगून ठेवलं होतं. हां, तुमचा प्रश्न राहिलाच: रूरलच्या त्या डिरेक्टरीला मी संग्रह म्हणेन.