अंतरा अजून सापडला नाही

या महिन्यातल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: नवी रचना घडत असते, तोवर तिचं करायचं काय? (बंदिशीचा पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा, एवढं नव्या वाचकांनी लक्षात ठेवावं.) ही चारच पत्रं या अंकात घेते. हार्मोनियमच्या सुरांबद्दलची आणि आवाज बसण्याबद्दलची पत्रं पुढच्या अंकात.

काकू, मी सात वर्षं ख्याल शिकतोय. जोग रागात, मध्यलय तीनतालात एक बंदिश बांधली आहे. स्थायी गुरुजींनाही आवडली. अंतरा मात्र आठ महिने झाले तरी जमत नाही. चार वेळा केला, चारही वेळा वाटलं की हा जोग नाहीच. कोजागिरीला आमच्या घरी बैठक असते. तिथे नुसती स्थायी गायली तर चालेल का, की पूर्ण होईपर्यंत थांबू?
— एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

चालेल. गा. सुरू करण्याआधी एवढंच सांग की अंतरा अजून झालेला नाही. मसाला दुधाची वाट बघणारी माणसंही ते समजून घेतील.

आता अंतऱ्याकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती तुझ्या एकट्याची नाही. जोग ओळखू येतो तो दोन गंधारांमुळे, म्हणजे दोन 'ग'मुळे. वर जाताना शुद्ध, खाली येताना कोमल. शुद्ध गंधारावरून मध्यमावर जाऊन, मग कोमल गंधार घेत षड्जावर उतरलं की ऐकणारा मान हलवतो. हे सगळं घडतं पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. आणि अंतरा म्हटलं की आपला हात सवयीनं कुठे जातो? मध्यम, पंचम, कोमल निषाद, वरचा षड्ज. या तुकड्यात जोगचं स्वतःचं असं काही नाही. धानीत हेच स्वर आहेत, भीमपलासीच्या चढणीतही हेच. तुझे चारही अंतरे याच वाटेनं गेले असणार, असं मला वाटतं.

मग काय करायचं? एक वाट अशी की या तुकड्यात रेंगाळायचंच नाही. तालाच्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात, वरचा षड्ज गाठायचा आणि गंधारांचा तोच खेळ तार सप्तकात करायचा. आवाज तिथे सहज पोचत असेल तरच हे कर, ओढून नको. दुसरी वाट मला जास्त आवडते. अंतरा शुद्ध गंधारापासूनच उचलायचा, पहिली ओळ वर नेऊन ठेवायची आणि दुसऱ्या ओळीत पूर्वांगात परत यायचं, म्हणजे कोमल गंधार स्थायीच्या मुखड्याला, तिच्या सुरुवातीच्या तुकड्याला, हात देईल. अंतऱ्यानं दर वेळी वरच्या षड्जावर जाऊन बसलंच पाहिजे, असा नियम नाही.

झाला की एक परीक्षा कर. स्थायी न गाता नुसता अंतरा एखाद्या जाणत्याला ऐकव. त्यानं 'जोग' म्हटलं की जिंकलास.

शब्दांचंही बघ. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारं अक्षर आकारानं उघडणारं आहे का? 'आ'वर थांबता येतं, जोडाक्षरावर जीभ अडते. माझ्या एका बंदिशीची सम दोन वर्षं चुकीच्या शब्दावर होती. एका मे महिन्यात तंबोरा नीट ऐकू यावा म्हणून कूलर बंद करून बसले. खोली तापलेली, तारा सारख्या उतरत होत्या, दर थोड्या वेळानं जुळवाव्या लागत होत्या. त्या थांबण्या-थांबण्यात ओळ संथ म्हटली गेली आणि मुखडा दोन मात्रा आधी उचलायला हवा, हे कळलं. म्हणून सांगते, घाई नको. पण रोज थोडा वेळ दे, आणि प्रत्येक प्रयत्न मोबाइलवर तारखेसकट ठेव. फसलेले चारही अंतरे ठेव. चौथ्या पत्राच्या उत्तरात त्याचं कारण लिहिलं आहे.

आणि आपल्या मातीतल्या माणसांच्या बंदिशी ऐक. पांढरकवड्याच्या कशाळकर कुटुंबातले पं. अरुण कशाळकर 'रसदास' या नावानं बंदिशी बांधतात. पं. रामाश्रय झा 'रामरंग' यांच्या 'अभिनव गीतांजली'चे पाच भाग आहेत. एकाच माणसानं किती तऱ्हांनी अंतरे उचलले, हे त्यात बघायला मिळेल.

ताई, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात एका बैठकीला गेलो होतो. मध्यंतरानंतर गायक म्हणाले, 'ही बंदिश अजून घडते आहे, तुमच्यासमोर ठेवतो,' आणि अडखळत दोनदा स्थायी म्हटली. आम्ही तिकीट काढून, स्वेटर घालून, थंडीत स्कूटरवर आलो ते तयार गाणं ऐकायला. माझं चुकतंय का?
— एक निवृत्त वाचक, धरमपेठ

तुमचं गाऱ्हाणं मला पूर्ण अमान्य नाही. अडखळणं आणि अपुरं असणं यात फरक आहे. अपुरी गोष्टसुद्धा जेवढी आहे तेवढी नीट बसलेली असावी. ती घरी शंभर वेळा म्हणून मगच समोर आणावी, आणि एका बैठकीत अशी एकच असावी.

पण तसं करूच नये, हे मला पटत नाही. आपल्या गाण्यात रचना कागदावर पुरी होत नाही, ती ऐकणाऱ्यांसमोर पुरी होते. मुखडा पकडताना तबलजीचा हात किंचित मागे राहिला तर ओळीत एक मात्रा जड आहे. समोरच्या रांगेतली माणसं समेच्या आधीच 'वा' म्हणाली तर सम त्यांना दिसली. हे एकट्यानं खोलीत बसून कळत नाही. आज प्रभाताई अत्र्यांची मारूबिहागमधली 'जागू मैं सारी रैना' आपण जुनी म्हणून ऐकतो. तीही कधीतरी पहिल्यांदा गायली गेली होती आणि तेव्हा कुणालाच ओळखीची नव्हती.

पुढच्या वेळी असं झालं तर बैठक संपल्यावर त्या गायकांना भेटा आणि काय खटकलं ते सांगा. तुमच्यासारख्या चाळीस वर्षं ऐकलेल्या माणसाचं एक वाक्य त्यांना फार उपयोगी पडेल.

मावशी, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पियानोच्या परीक्षा देते. सगळे बाख-मोझार्टच वाजवायला देतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात आज कुणी नवीन लिहितं का? आणि ते लिहीत असताना आपल्याला कळतं का?
— एक विद्यार्थिनी, बजाजनगर

लिहितात, भरपूर लिहितात, आणि काही जण एकच गोष्ट आयुष्यभर लिहितात. तुला दोन माणसांबद्दल सांगते.

पहिला पिएर बुलेझ, फ्रान्सचा. १९४५ साली, विशीत असताना, त्यानं पियानोसाठी 'नोतास्याँ' नावाच्या बारा चिमुकल्या रचना लिहिल्या. प्रत्येकीत बरोबर बाराच बार, म्हणजे मात्रांचे बारा गट. तू पियानो वाजवतेस, तेव्हा त्यातल्या एखाद-दुसरीची पानं नक्की बघ. तीस-एक वर्षांनी त्यानं तेच कागद पुन्हा काढले आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी त्यांचा विस्तार करायला घेतला. पहिल्या चार १९८० मध्ये वाजल्या. सातवी वाजायला १९९९ उजाडलं. जानेवारी २०१६ मध्ये तो गेला, तेव्हा ऑर्केस्ट्रासाठी बारांपैकी पाचच झाल्या होत्या. बारा बारांचं एक बीज आणि त्यावर सत्तर वर्षं. आपल्याकडे चार ओळींच्या चिजेवर तासभर बढत, म्हणजे सावकाश विस्तार, होते, तिच्याशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

त्याचीच 'रेपाँ' ही रचना १९८१ मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनला लोकांसमोर वाजली, मग १९८२ मध्ये वाढवून आणि १९८४ मध्ये आणखी वाढवून. धरमपेठेच्या वाचकांनी हे जरूर वाचावं. तिथेही लोक तिकीट काढूनच आले होते.

दुसरा हंगेरीचा ज्यॉर्जी कुर्ताग, जन्म १९२६. हा अगदी थोडं लिहिणारा, एकेक स्वर तोलणारा. त्याचा पहिला ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाला, तेव्हा तो ९२ वर्षांचा होता. ऑपेरा सॅम्युअल बेकेटच्या नाटकावर आहे, आणि ते नाटक त्यानं पॅरिसमध्ये १९५७ साली पाहिलं होतं. म्हणजे साठ वर्षं ते त्याच्या मनात होतं. इतकं करूनही त्यानं त्याला 'प्रवेश आणि स्वगतं' असं उपशीर्षक दिलं, कारण नाटकातला सगळा मजकूर त्यात आलेला नाही. जेवढं झालं तेवढ्याचंच नाव त्यानं लावलं. या प्रामाणिकपणाचं मला फार अप्रूप आहे.

आपल्याकडचं नावही ओळखीचं करून घे. वनराज भाटिया म्हटलं की घरच्यांना 'मंथन' आणि 'तमस'चं संगीत आठवेल. पण त्यांचं शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे झालं होतं, आणि उतारवयात ते गिरीश कार्नाडांच्या नाटकावर ऑपेरा लिहीत होते. २०२१ मध्ये ते गेले. झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला 'पेशकार' मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं २०१५ मध्ये वाजवला. नागपुरात असं ऐकायला मिळणं कठीण, हे खरं. पण सुट्टीत मुंबईला गेलीस की तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा कार्यक्रम बघून ठेव. नवीन रचना असेल तर आधी दोनदा रेकॉर्डिंग ऐकून जा. पहिल्या ऐकण्यात काही हाती लागलं नाही तरी रागावू नकोस.

नमस्कार ताई. माझे बाबा घरी संगीताचे वर्ग घेत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. कपाट आवरताना त्यांची वही सापडली. त्यात एकतीस बंदिशी आहेत. अकरांना अंतरा नाही, काहींचे नुसतेच शब्द आहेत, काही ओळी खोडून परत लिहिल्या आहेत. माझा चुलतभाऊ गातो. तो म्हणतो, मी पूर्ण करून गातो. आईला ते नको आहे. काय करू?
— एक भगिनी, महाल

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी कायद्याचं, कारण ते सरळ आहे. आपल्या देशात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, शब्दांवरही आणि चालीवरही. बाबांनी मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलं नसेल तर तो वारसांकडे येतो, म्हणजे तुमच्याकडे आणि आईंकडे. चुलतभावाला गायचं असेल तर तुमच्या दोघींच्या होकारानं.

दुसऱ्यानं पूर्ण करणं मुळातच गैर आहे का? मला तसं वाटत नाही. पंडित रविशंकर शेवटच्या काळात 'सुकन्या' नावाचा ऑपेरा लिहीत होते, महाभारतातल्या च्यवन-सुकन्येच्या कथेवर. डिसेंबर २०१२ मध्ये ते गेले आणि काम अपुरं राहिलं. त्यांच्याबरोबर आधीपासून काम करणारे कंडक्टर डेव्हिड मर्फी यांनी ते पुरं केलं, आणि मे २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला त्याचा पहिला प्रयोग झाला. मर्फींना पंडितजींच्या मनात काय होतं ते ठाऊक होतं, आणि पुरं कुणी केलं हे लपवलं गेलं नाही. तुमच्या भावाला विचारा: तो काकांजवळ बसून शिकला आहे का? आणि 'स्थायी काकांची, अंतरा माझा' असं दर वेळी मोठ्यानं सांगेल का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर एखाद-दुसऱ्या बंदिशीपासून सुरुवात करू द्या. आईंना नको असेल तर मात्र थांबा. त्या वहीच्या पानांशी त्यांचं नातं आपल्या सगळ्यांपेक्षा जुनं आहे.

पण खोडलेल्या ओळींना कुणी हात लावायचा नाही. हे मी फार कळकळीनं लिहिते आहे. माझ्या गुरुजींनी बागेश्रीत एक बंदिश बांधली होती. सायकलवरून धंतोलीला शिकवायला येत आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणत, 'अंतरा बदलला आहे, लिहून घे.' मी पेन्सिलनं लिहीत असे. नवा आला की जुना रबरनं पुसून टाकायचा, वही स्वच्छ राहावी म्हणून. तीनदा पुसला. गुरुजी गेल्यावर शेवटचा अंतरा मी कितीतरी वेळा गायले. चांगला आहे, सफाईदार आहे. पण पहिल्यात निषादावर एक थांबणं होतं, गुरुजी तिथे डोळे मिटून घेत, आणि मग ओळ ज्या रीतीनं खाली यायची ती मला आता काही केल्या आठवत नाही. कागद उजेडात धरून पाहिला. पेन्सिलीचे वळ दिसतात, अक्षरं लागत नाहीत.

म्हणून मानेवाड्याच्या मुलाला म्हटलं, फसलेलं ठेव.

तुम्ही एवढं करा. वहीचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, दिवसाच्या उजेडात मोबाइलनं टिपून घ्या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, पानांवर पेननं आकडे टाकू नका. कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधून ठेवा आणि पावसाळ्यात भिंतीलगतच्या कपाटात नको. मग बाबांचे जुने विद्यार्थी शोधा. ज्यांचे नुसते शब्द आहेत त्यांच्या चाली कुणाच्या तरी गळ्यात असतील. त्यांना चहाला बोलवा, ओळ वाचून दाखवा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोघांनी दोन तऱ्हांनी म्हटली तर दोन्ही ठेवा, भांडण सोडवायला जाऊ नका. आईंना त्या दिवशी तिथे बसवा. त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलेल्या ओळी कुणालाच माहीत नसतील.

यातल्या काही पानांचं स्वरलेखन भातखंडे पद्धतीचं नसेल आणि खुणा लागत नसतील, तर मासिकाच्या पत्त्यावर छायाप्रत पाठवा. मूळ वही पाठवू नका. मी चष्मा लावून सावकाश बघेन.