नेमबाजी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेली जवळजवळ सगळी पत्रे 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांच्या सामानाबद्दलची आहेत.

मुलगी 14 वर्षांची आहे. वर्षभर क्लबच्या रायफलीवर सराव करते, 60 शॉट्समध्ये 605च्या आसपास जाते. आता तिला स्वतःची परदेशी रायफल घेऊन द्यायची आहे. कोणती घ्यावी? (एक पालक, सातारा)

रायफल सगळ्यात शेवटी घ्या. आधी छर्रे तपासा, मग नेमबाजीचे जॅकेट शिवून घ्या.

605 म्हणजे दर शॉटला सरासरी 10.08 (गुण दशांशात मोजतात, म्हणून ते दहाच्या वर जातात). एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की 0.1 गुण जातो, पूर्ण मिलिमीटर सरकला की 0.4. हा मिलिमीटर मुलीच्या हातून गेला की छर्ऱ्यामुळे, ते टार्गेटकडे बघून कळत नाही. मुले मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतात, आणि तिथेच त्यांचा धीर खचतो.

म्हणून क्लबमध्ये टेस्टिंगचा शिकंजा असेल तर रायफल त्यात पकडा. रायफलीचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेला असू द्या. 0.53 ग्रॅमचे सपाट तोंडाचे मॅच छर्रे 4.49, 4.50 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या हेड साइझचे (तोंडाच्या व्यासाचे) आणा. प्रत्येक प्रकारचे पहिले 5 छर्रे नळी सरावण्यापुरते सोडा, त्यानंतरचे 10 एकाच कागदावर मारा. भोकाची रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. 7 मिलिमीटरच्या आत बसले तर ते छर्रे त्या नळीला मानवले. महागाचेच मानवतील असे नाही. जो डबा चांगला निघेल त्याचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि मोसमभर पुरतील इतके 500-500चे डबे त्याच लॉटचे घ्या. लॉट बदलला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

डबा एकदा खाली पडला की ते छर्रे सरावालाच वापरा. छर्ऱ्याची मागची पोकळ झालर शिशाची आणि कागदासारखी पातळ असते. ती चेपली की हवा एका बाजूने निसटते आणि शॉट अचानक नऊमध्ये जातो. शंका आली तर छर्रा काचेवर घरंगळवून बघा, चेपलेला डुगडुगतो. आणि शिसे हाताला लागतेच, म्हणून जेवणाचा डबा खाण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय आजच लावा.

जॅकेट अंगाच्या मापाचे हवे. मुलगी वाढत्या वयाची आहे, तेव्हा शिलाईत वाढवायला जागा ठेवायला सांगा, पण आज ढगळ शिवू नका. ढगळ जॅकेटमध्ये कोपर दर शॉटला वेगळ्या जागी टेकते.

रायफल घ्याल तेव्हा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि गालपट्टी खाली-वर, मागे-पुढे होते का ते बघा. वजनाची नियमातली मर्यादा 5.5 किलो आहे. मुलीसाठी हलकी घ्या. पुढे वजने लावून ती जड करता येते, जड रायफल हलकी करता येत नाही.

एअर रायफल ठेवायला परवाना लागतो का? (कराड)

4.5 मिलिमीटरच्या मॅच रायफलीला लागत नाही. परवान्याची सीमा 20 जूल ऊर्जेला आहे, आणि 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला तरी ऊर्जा 8 जूलच्या आसपासच भरते. प्रवासात खरेदीची पावती आणि ओळखपत्र रायफलीसोबत ठेवा.

नेम धरला की थोड्या वेळाने काळा गोल थरथरतो, मग दिसेनासा होतो. चष्म्याचा नंबर बदललेला नाही. (सांगली)

दोष डोळ्याचा नसून, फ्रंट साइटमधली (नळीच्या टोकाशी असलेली, जिच्यातून काळा गोल बघायचा ती) रिंग लहान असण्याची शक्यता जास्त. टार्गेटचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा. डोळ्यापासून 80 सेंटिमीटरवरच्या फ्रंट साइटपाशी तो साधारण अडीच मिलिमीटरचा दिसतो. रिंग 3.2ची असेल तर भोवती पांढरी कड उरते जेमतेम 0.35 मिलिमीटर. रायफल किंचित हलली की ती एका बाजूला नाहीशी होते, डोळा तिच्यामागे धावतो आणि बोट ट्रिगरवर गोठते. 3.8पासून सुरुवात करा, गरज पडली तर 4.0 किंवा 4.2 लावून बघा. पांढरी कड शांत, सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. आठवडाभर गुण थोडे खाली येतील, तरी रिंग बदलू नका.

रेंजवर उजेड कमी असेल तर मागचा आयरिस (डोळ्याजवळच्या साइटचे लहान-मोठे होणारे छिद्र) किंचित मोठा करा. आणि सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या.

सिलिंडर भरून ठेवला की दोन दिवसांत काटा खाली येतो. वेल्डिंगच्या दुकानातून भरून आणला तर चालेल का? (इचलकरंजी)

अजिबात नाही. तिथल्या बाटलीत ऑक्सिजन असतो, आणि तेल-ग्रीसचा अंशही ऑक्सिजनच्या दाबाखाली पेट घेऊ शकतो. भरायची ती फक्त कोरडी हवा, 200 बारपर्यंत आणि सावकाश. घाईने भरली की सिलिंडर तापतो, काटा 200 दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. एवढेच होत असेल तर ती गळती नव्हे.

गार झाल्यानंतरही काटा उतरत असेल तर जोडावरची ओ-रिंग (रबरी कडी) बघा. कापलेली किंवा चपटी झाली असेल तर बदला आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. मशीन ऑइल लावू नका. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचा. उत्पादनाला 10 वर्षे झाली असतील तर स्पर्धेत तो बाद होतो, आणि घरीही वापरू नये.

केसमध्ये ठेवलेल्या रायफलीवर गंजाचे ठिपके आले. (रत्नागिरी)

कोकणातल्या पावसाळ्यात केसमधला स्पंज ओल धरून ठेवतो. रायफल केसमध्ये फक्त प्रवासापुरती ठेवा, घरी कुलूपबंद कपाटात उभी. कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की सुकवून पुन्हा वापरा. एसी हॉलमधून बाहेर पडलात की केस लगेच उघडू नका, थंड धातूवर दव धरते. आत-बाहेरचे तापमान सारखे होऊ द्या. घामाचे हात लागलेले भाग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा ओझरता हात द्या, नळीच्या आत मात्र नको. नळीत फक्त फेल्टचे साफ करायचे छर्रे. जॅकेट उन्हात वाळवू नका, चामडे कडक होते. पंख्याखाली हँगरला लावा.

एअर पिस्तूल स्पर्धेच्या तपासणीत दोनदा नापास झाले. ट्रिगर दुकानातच 500 ग्रॅमला लावून घेतला होता. (नागपूर)

बरोबर 500वर लावल्यानेच नापास झाले. तपासणीत 500 ग्रॅमचे वजन ट्रिगरवर उचलावे लागते, आणि प्रवासातल्या धक्क्यांनी स्क्रू केसभर ढिला झाला तरी वजन पडते. 515-520वर ठेवा. पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसते का, हेही घरीच बघून जा. ग्रिपला लाकडी पुट्टी चढवल्यावर अनेकांची पिस्तुले नेमकी त्या 50 मिलिमीटरमध्ये अडकतात.

दिल्लीच्या कर्णीसिंग रेंजवर स्पर्धेला विमानाने जायचे आहे. (बेळगाव)

तिकीट काढल्यावर लगेच विमान कंपनीला लेखी कळवा. सिलिंडर पूर्ण रिकामा करून, रायफलीपासून सुटा करून न्या. रायफल चेक-इन सामानातच जाते. डायॉप्टर (मागची साइट) काढून हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे धक्क्याने झिरो (साइटची जुळवणी) हलणार नाही. त्याआधी शून्यापासूनचे क्लिक मोजून वहीत लिहा. नळीत पूर्ण लांबीची सेफ्टी लाइन (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी दोरी) घालूनच केस बंद करा. रेंजवर केस उघडताना तीच सगळ्यात आधी दिसली पाहिजे.