वाचकांचे प्रश्न : चार झाडं कोरी ठेवा

पावसाळ्याच्या तोंडावर आंब्याची पत्रं वाढतात, यंदाही वाढली. दापोलीला कृषी विद्यापीठात फळझाडं शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे आंबा म्हटलं की मला आवरत नाही. पहिली दोन उत्तरं त्यामुळे लांबली आहेत. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी दोनशे कलमं आहेत. मागच्या वर्षी आंबा अगदीच कमी आला. दुकानदाराने सांगितलं म्हणून पावसाळ्यात एका टॉनिकच्या बाटल्या मुळाशी ओतल्या आणि यंदा मोहोर असा आला की पान दिसेना. आता दरवर्षी ओतावं का? आणि एवढा गुण येतो तर विद्यापीठ शिफारस का करत नाही?

उत्तर : आधी मीच विचारतो. टॉनिक कोणत्या झाडांना घातलं नव्हतं?

पत्रात काही लिहिलेलं नाही, म्हणजे दोनशेच्या दोनशेंना घातलं असणार. मग यंदाचा आंबा बाटलीने दिला की झाडाने, हे सांगायला आता कुणी साक्षीदार उरला नाही.

हापूस वर्षाआड धरतो हे देवगडच्या माणसाला मी काय सांगणार? पण त्यातली खोच बघा. झाड लगडतं त्या वर्षी साठवणीतलं अन्न फळांत जातं आणि नव्या पालवीला काही उरत नाही. मोहोर येतो जून झालेल्या काडीच्या शेंड्याला. काडीच तयार नसेल तर मोहोर कुठून यायचा? म्हणून पुढचं वर्ष खाली जातं. त्या खाली वर्षात झाडाला उसंत मिळते, पालवी फुटते, जून होते आणि परत आंबा येतो. आता मला सांगा, बागायतदार टॉनिकच्या दुकानात जातो कधी? आंबा गेला की. भरल्या वर्षी कुणी ती पायरी चढत नाही. म्हणजे बाटली पडते ती खाली वर्षानंतर, आणि त्यापुढचं वर्ष बहुतेक वेळा बरंच असतं. बाटलीत विहिरीचं पाणी भरून दिलं असतं तरी तुम्ही मला हेच पत्र लिहिलं असतंत.

टॉनिक खोटंच आहे असं मी म्हणत नाही. ते खरं की खोटं हे तुमच्या बागेवरून कळत नाही, एवढंच.

मोहोरासाठी मुळाशी घालतात त्या कल्टार या औषधाचं उदाहरण घ्या. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातल्या जिबरेलिनची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची, निर्मिती अडवतं. त्यामुळे फुटव्याची धाव थांबते आणि झाड मोहोराकडे वळतं. १९८० च्या दशकात दापोलीला त्याचे प्रयोग झाले. कमी मात्रा, जास्त मात्रा, अमुक महिन्यात, तमुक महिन्यात, आणि प्रत्येक गटासोबत काहीही न घातलेली झाडं, म्हणजे 'कंट्रोल'. हे सगळं वर्षानुवर्षं मोजल्यावर मग झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, जुलै-ऑगस्टमध्ये, अशी शिफारस झाली. हा तीनचा आकडा दिसायला किती किरकोळ! पण तो मिळवायला काही माणसांची ऐन उमेदीची वर्षं गेली आहेत. त्यानंतर अशी शिफारस चारही कृषी विद्यापीठांच्या बैठकीत जाते. आम्ही तिला 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतो. तिथे राहुरी, अकोला, परभणीची मंडळी तक्ता असा सोलून काढतात की मांडणाऱ्याला फॅन चालू असून घाम फुटतो. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, 'कंट्रोल कुठे आहे?'

तुम्ही असं करा. एका वयाची, एका चणीची बारा झाडं निवडा. सगळी कातळावरची घ्या किंवा सगळी मातीतली, भेसळ नको. चिठ्ठ्या टाकून सहांना टॉनिक द्या आणि सहा कोरी ठेवा. चिठ्ठ्याच टाका. हाताने निवडायला गेलात तर लाडक्या झाडाला बाटली मिळणार, हा माझा अनुभव आहे. काढणीला फळं मोजा, नजरअंदाज नको. एक भरलं आणि एक खाली, अशी दोन वर्षं तरी करा, आणि मग मला लिहा. बारा जड वाटत असतील तर आठ घ्या. पण चार तरी कोरी राहू द्या.

प्रश्न : हापूसमधला साका अजून का जात नाही? विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली. एवढे शास्त्रज्ञ काय करतात?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. वरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापावं आणि आत कोयीलगत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर निघावा, तोही पाहुण्यांसमोर, म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल. वास येत नाही, साल बदलत नाही, कापेपर्यंत पत्ता लागत नाही. कीड नाही, बुरशी नाही, त्यामुळे फवारून मारायचं कुणाला हाही प्रश्नच.

तरी हात बांधून कुणी बसलं नव्हतं. जमिनीतून वर येणारी उष्णता हे एक कारण लक्षात आलं. म्हणून झाडाखाली वाळलेलं गवत पसरायला सांगतात आणि त्याने फरक पडतो. आंबा सोळा आणे पिकायची वाट न बघता चौदा आण्यांवर काढायचा आणि काढलेली फळं उन्हात ठेवायची नाहीत, हेही त्यातलंच. पुढे बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वेगळीच गोष्ट मांडली. आंब्याची कोय भातासारखी वाळून झोपत नाही, फळात असतानाच तिची रुजायची तयारी सुरू होते आणि त्या गडबडीत शेजारचा गर बिघडतो. मला हे वाचून फार मजा वाटली होती. आपण गराला औषध शोधत होतो आणि खोडी बी करत होतं. त्यावर फळं झाडावर असतानाच द्रावणात बुडवून काढायचा उपायही त्यांनी दिला. आता आजोबांनी लावलेल्या तीस फुटी कलमावर चढून एकेक फळ कोण बुडवणार, ते तुम्हीच सांगा.

दुसरी वाट नव्या जातीची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' काढला. तो १९८१ साली प्रसारित झाला. त्यात साका नाही आणि तो दरवर्षी धरतो. मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली 'सिंधू' आला. त्याची कोय अगदी पातळ, गरच गर. हे संकर कसे होतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एका मोहोरात फुलं हजारांनी, त्यातलं हाताशी येणारं फळ एखाद-दुसरं. चिमट्याने एकेका फुलातलं पुंकेसर काढायचं, दुसऱ्याचा पराग लावायचा, पिशवी बांधायची, आणि दुपारच्या वाऱ्यात ती कैरी गळून पडलेली बघायची. एखादी टिकली तर तिची कोय लावायची आणि फळ बघायला आणखी सहा-आठ वर्षं थांबायचं. ते फळ बेचव निघालं तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून रत्ना दिला, तर गिऱ्हाईक म्हणतं, 'चांगला आहे हो, पण हापूस नाही.' साका नको आणि वास मात्र हापूसचाच हवा, अशी आपली मागणी आहे. मीही घरी हापूसच आणतो, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : 'लखनौ ४९' पेरू लखनौहून आला का?

उत्तर : बी लखनौहून आलं, झाड पुण्याचं. गणेशखिंडच्या बागेत लखनौच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९२७ साली एक झाड निवडलं, तेच हे. पुढे त्याला 'सरदार' नाव मिळालं. आळंदीच्या डाळिंबातून 'गणेश' निवडला तोही चीमांनीच, १९३६ साली. आज बाजारात दिसणारा 'भगवा' राहुरीच्या विद्यापीठाचा, आणि त्याच्या पूर्वजांत हा गणेश आहे. डाळिंबाने ज्यांच्या घराला माडी चढवली त्यांनी आळंदीला जाताना चीमांनाही एक नमस्कार करायला हरकत नाही.

प्रश्न : मुलीला बी.एस्सी. उद्यानविद्या घ्यायचं आहे. घरात सगळे विचारतात, झाडं लावायला पदवी कशाला? नोकरी लागेल का? आमची शेती नाही, ठाण्यात फ्लॅट आहे.

उत्तर : चार वर्षं, आठ सत्रं. फळं, भाज्या, फुलं, प्रक्रिया हे मुख्य. पण माती, कीड, रोग, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र सुटत नाही. संख्याशास्त्रात पोरं रडतात, हे आधी सांगून ठेवतो. शेवटच्या वर्षी 'रावे' असतो, म्हणजे गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम. ठाण्याच्या मुलींना त्याची धास्ती असते आणि परतताना त्याच जास्त रडतात.

नोकरीचं म्हणाल तर बँकेत कृषी अधिकारी, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, बियाणं-खतांच्या कंपन्या, रोपवाटिका, प्रक्रिया उद्योग, एवढ्या वाटा आहेत. गर्दी सगळीकडे आहे. हमखास काही नाही आणि ते मी लपवणार नाही.

शेती नसल्याने अडत नाही. कोय कलमाचं प्रात्यक्षिक आठवतं. कोय रुजून पंधरा दिवस झालेलं रोप, पानं अजून तांबूस. शेंडा छाटायचा, उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप द्यायचा आणि ती चिरेत बसवून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. पाचर एका सुरीच्या ओढीत झाली पाहिजे. दोनदा ओढली की काप लाटेसारखा होतो, मध्ये फट राहते आणि कलम मरतं. माझ्या वर्गात बागायतदारांची मुलं म्हणायची, 'सर, येतं आम्हाला.' त्यांची पंचविसात दहा-बारा जगायची. एका वर्षी सगळ्यांत जास्त, पंचविसात एकवीस, जगली ती गिरगावातल्या एका मुलीची. विचारलं तर म्हणाली, 'सर, आई शिवणकाम करते. कापड एकदाच कापायचं, हे लहानपणापासून ऐकलंय.'

घरच्यांना सांगा, मुलीला एकदा पावसाळ्यात एखाद्या रोपवाटिकेत चार दिवस पाठवा. चिखलातून परत आल्यावर तिचा चेहरा बघा आणि मग फॉर्म भरा.

प्रश्न : नातवाने हापूसची कोय कुंडीत लावली आणि रुजली. हापूस येईल का?

उत्तर : नाही. ती कोय परपरागाची, बाप कोण ते मोहोरावरच्या माशांना माहीत. येईल तो रायवळ, आणि जमिनीत लावलात तरी सात-आठ वर्षं तरी थांबावं लागेल. पण नातवाला आत्ताच सांगू नका. रोप कुंडीतून गावच्या घरी न्या, लोणच्याला कैऱ्या लागतातच.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. ला आहे. माझ्या प्रयोगात पाच ट्रीटमेंट आणि कंट्रोल यांच्यात काहीच फरक आला नाही. तक्त्याखाली सगळीकडे 'एन.एस.', म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. मित्र म्हणतात, एक-दोन आकडे हलव. काय करू?

उत्तर : हलवू नकोस. ते 'एन.एस.' तसंच छाप. त्या पाचांनी काही होत नाही हे कळलं, तर कुणाचे तरी फवारणीचे पैसे वाचतील.

माझंच सांगतो. माझा एम.एस्सी. चा प्रयोग चिकूवर होता. नत्राच्या चार मात्रा, एक कंट्रोल, प्रत्येकाची चार झाडं, एकूण वीस. पत्र्याच्या पट्ट्यांवर खिळ्याने टोचून नंबर लिहिले होते. वर्षभर घाम गाळला आणि फेब्रुवारीत मोजायला गेलो तर सगळ्यांत जास्त फळं कंट्रोलला. दोन रात्री झोप नाही. मनात हेच, की नंबर अदलाबदल झाले असं म्हणून मोकळं व्हावं.

तिसऱ्या दिवशी प्रक्षेत्रावरच्या म्हाताऱ्या गड्याजवळ सहज बसलो. तो म्हणाला, 'सायब, त्या चार झाडांना तुमी कायच घातलाव नाय. उपाशी कशी ठेवायची? मी घातलंन शेणखत, मृगातच.'

मला हसावं की रडावं कळेना. मार्गदर्शकांकडे गेलो, म्हटलं, प्रयोग गेला, विषय बदलून द्या. ते चहा पीत होते. म्हणाले, 'विषय बदलायचा नाही. झालं ते साहित्य व पद्धतीच्या प्रकरणात लिही. आणि परत जाऊन त्याला विचार, प्रत्येक झाडाला किती घातलं.' मी गेलो. त्याने बोटांवर मोजून घमेली सांगितली. ते तसंच लिहिलं, लाजत लाजत, चार ओळींत.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं चाळत त्या चार ओळींशी थांबले. चष्मा कपाळावर सारला. आता ही पदवी गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

ते म्हणाले, 'घमेली भरून की शीग लावून?'