इटलीत रेल्वे संपाच्या दिवशी रोम–फ्लॉरेन्स प्रवास जमेल का?

जमेल, बुकिंग घाईत रद्द करू नका. तिथे संप सहसा अचानक होत नाही. १९९० च्या कायद्यानुसार किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर संपांची यादीच असते. ती इटालियनमध्ये आहे, पण 'शोपेरो' म्हणजे संप एवढं कळलं की बाकीचं काम भाषांतराचं ॲप करतं.

कामाचा दिवस असेल तर सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्या किमान प्रमाणात चालवाव्याच लागतात. रविवारी आणि सुट्टीला ही सोय नाही. लांब पल्ल्याच्या हमी असलेल्या गाड्यांची यादी वेगळी असते, तुमच्या गाडीचा नंबर त्यात शोधा.

रेल्वेचे संप बरेचदा रात्री ९ ला सुरू होतात, म्हणून आदल्या संध्याकाळची गाडी धोक्याची. संप सुरू झाल्यापासून तासाभरात शेवटचं स्टेशन येणार असेल तर गाडी तिथवर जाते, नाहीतर मधल्याच स्टेशनावर उतरवू शकतात. आदल्या दिवशी निघायचंच असेल तर दुपारीच निघा.

गाडी रद्द झालीच तर तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसरी गाडी, हा युरोपीय नियमाने तुमचा हक्क आहे. हॉटेलच्या बुकिंगचं मात्र तुमचं तुम्ही बघा, तिथे फुकट रद्द करता येणारंच बुकिंग घ्या.