ग्रो लाइट घेताना वॅट बघू नका, पानावर किती प्रकाश पडतो ते बघा

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. खोलीत, शेडमध्ये रॅक लावून रोपं, पालेभाजी, मायक्रोग्रीन घेणाऱ्यांचे ग्रो लाइटबद्दल बरेच प्रश्न आलेत. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्रच लिहितोय, कारण प्रश्न वेगवेगळे दिसले तरी अडचण एकच आहे. लाइट विकला जातो वॅटवर आणि पीक वाढतं पानावर पडणाऱ्या प्रकाशावर, या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे पण जातात आणि पीक पण.

पहिला प्रश्न, एका भाऊंचा. "साहेब, बॉक्सवर १००० वॅट लिहिलेलं पॅनल घेतलं, प्लगला मीटर लावून बघितलं तर ११० वॅटच दाखवतंय, पॅनल खराब निघालं का?"

भाऊ, पॅनल खराब नाही, बॉक्सवरचा आकडा खरा नाही. हे आकडे कसे येतात बघा. पॅनलमध्ये १०० चिप असतात, प्रत्येक चिपला नाव दिलेलं असतं १० वॅटची चिप, मग शंभर गुणिले दहा झाले हजार. पण प्रत्यक्षात चिप चालवतात एक वॅटच्या आसपास कारण त्याहून जास्त दिलं तर ती तापून मरेल. काही जण तर "जुन्या अमुक वॅटच्या दिव्याच्या बरोबरीचा" असं लिहितात, त्यालाही काही आधार नसतो. तुम्ही मीटर लावून बघितलं हे फार चांगलं केलंत, प्रत्येकाने लाइट आणला की आधी हेच करावं. तुमचा लाइट ११० वॅटचा आहे असं धरून पुढचा हिशोब करा.

आता वॅट म्हणजे काय, तर लाइट वीज किती खातो. त्यातून प्रकाश किती निघतो हे वॅटवरून कळत नाही. त्यासाठी विकणाऱ्याकडे दोन आकडे मागायचे. एक पीपीएफ, म्हणजे लाइटमधून दर सेकंदाला झाडाच्या कामाचा किती प्रकाश बाहेर पडतो, तो मायक्रोमोलमध्ये असतो, म्हणजे प्रकाशकण मोजायच्या मापात. झाडाच्या कामाचा म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळ्यापासून लालपर्यंतचा. आणि दुसरा, त्या पीपीएफला खऱ्या वॅटने भागून येणारा आकडा, मायक्रोमोल प्रति ज्यूल. माझ्या मते अख्ख्या माहितीपत्रकातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. आजचा चांगला लाइट २.५ च्या वर देतो, एकदम उत्तम असेल तर ३ च्या आसपास किंवा थोडा वर. स्वस्तातले बरेच १.५ किंवा त्याच्याही खाली असतात. जुने सोडियम दिवे साधारण १ ते १.७ मध्ये यायचे, म्हणजे वाईट एलईडी घेतला तर जुन्या दिव्यापेक्षा काहीच फायदा नाही, एलईडी आहे म्हणून वीज वाचेल हे डोक्यातून काढा. आणि कोणी ६ वगैरे आकडा सांगितला तर तिथूनच परत फिरा, कारण सगळीच्या सगळी वीज ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात बदलली, काहीही वाया गेलं नाही, तरी ५.५ च्या वर जाताच येत नाही.

याचा बिलावर काय फरक पडतो ते करून दाखवतो. एक चौरस मीटरचा रॅक आहे, पानावर दर सेकंदाला २०० मायक्रोमोल पाहिजे, लाइटमधून निघालेल्यापैकी ८० टक्के प्रकाश पानांवर पडतो असं धरू. २.५ चा लाइट असेल तर १०० वॅट लागतील. १.५ चा असेल तर तेवढ्याच प्रकाशाला १६७ वॅट. रोज १६ तास चालवला तर एक खातो १.६ युनिट, दुसरा जवळपास २.७. वर्षाचा फरक ३९० युनिट, आणि हा फक्त एका चौरस मीटरचा! तुमच्याकडे दहा-वीस चौरस मीटर असेल तर आपल्या युनिटच्या दराने गुणून बघा. घेताना स्वस्त वाटलेला लाइट नंतर रोज पैसे मागतो.

दुसरा प्रश्न, लक्स मीटर आहे, चालेल का, आणि लुमेन जास्त असलेला लाइट घ्यावा का.

लुमेन आणि लक्स ही माणसाच्या डोळ्याची मापं आहेत. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट पिवळा प्रकाश सगळ्यात जास्त दिसतो, लाल आणि निळा कमी दिसतो, झाडाचं तसं नाही. त्यामुळे लुमेनवरून लाइट निवडू नका. पण लक्स मीटर अगदीच फेकून देऊ नका, लाइट पांढरा असेल तर लक्सचा आकडा साधारण ६५ ते ७० ने भागा, अंदाज येतो. म्हणजे १४,००० लक्स आले तर २०० मायक्रोमोलच्या आसपास समजा. उन्हासाठी भागायचं ५४ ने. जांभळ्या लाइटखाली, म्हणजे फक्त लाल-निळे दिवे असलेल्या लाइटखाली मात्र लक्स मीटर पूर्ण चुकवतो, तिथे तो वापरूच नका. मोबाइलच्या ॲपचं पण तेच, या जागेपेक्षा त्या जागी कमी आहे का जास्त एवढं कळायला ठीक, खरा आकडा पाहिजे तर क्वांटम सेन्सरचं, म्हणजे थेट मायक्रोमोल मोजणारं मीटर लागतं. ते महाग असतं, चार-पाच जणांनी मिळून एक घेतलं तरी चालतं कारण रोज लागत नाही, लाइट बसवताना आणि नंतर अधूनमधून तपासायला लागतं.

तिसरा प्रश्न जो सगळ्यात जास्त वेळा आलाय, पिकाला किती प्रकाश लागतो आणि किती तास.

ड्रिपवाल्यांना हे पटकन कळेल. ड्रिपर ताशी किती लिटर देतो ते एक, आणि दिवसभरात झाडाला एकूण किती पाणी मिळालं ते दुसरं. प्रकाशाचं तसंच आहे. त्या क्षणाला पानावर एका चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात त्याला पीपीएफडी म्हणतात, आणि दिवसभराची बेरीज म्हणजे डीएलआय, ती मोलमध्ये, दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल. हिशोब सोपा आहे, पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. २०० मायक्रोमोल १६ तास दिले तर ११.५ मोल झाले.

रोपं आणि मायक्रोग्रीनला साधारण ६ ते १२ मोल पुरतात. लेट्यूस, तुळशीवर्गातल्या पानांच्या पिकांना १२ ते १७. टोमॅटो, ढोबळी मिरचीला २० ते ३०. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात स्वच्छ दिवसाला ४० च्या वर सहज मिळतात, ते सूर्य फुकट देतो, हे विसरू नका. म्हणूनच मी परत परत सांगतो की बंद खोलीत फक्त लाइटवर टोमॅटो घ्यायच्या आधी दहा वेळा विचार करा, २५ मोल द्यायला चांगल्या लाइटलाही एका चौरस मीटरला रोज साडेतीन युनिट जळतात. गहू, भातासारखी धान्यं तर खोलीत घ्यायचा विचारच नको, दाणा भरायला लागणारी वीज त्या दाण्यातून कधीच निघणार नाही. रोपवाटिका, पालेभाजी, मायक्रोग्रीन, इथे लाइटचा पैसा वसूल व्हायची शक्यता आहे, कारण पीक बुटकं असतं, थर एकावर एक लावता येतात आणि जे वाढतं ते जवळपास सगळंच विकता येतं.

लेट्यूसला १७ च्या वर नेताना अजून एक काळजी. वाढ जोरात होते पण आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि पानाच्या कडा जळतात. मग लोक कॅल्शियमची फवारणी करत बसतात. आधी पंखा लावा, हवा आतल्या पानांपर्यंत फिरली पाहिजे, पानातून पाणी उडालं तर मुळातून कॅल्शियम वर येईल. तरी थांबलं नाही तर प्रकाश थोडा कमी करा.

यालाच जोडून एका ताईंनी विचारलंय की चोवीस तास चालू ठेवला तर दुप्पट वाढ होईल का. नाही ताई. टोमॅटोला सलग उजेड दिला तर पानं पिवळी पडतात, डाग येतात, त्याला अंधार लागतोच. पालकासारखं पीक दिवस मोठा झाला की फुलावर जातं. उलट शेवंतीला रात्र मोठी लागते, लाइट जास्त वेळ चालला तर कळीच धरणार नाही. पानांच्या बहुतेक पिकांना १६ ते १८ तास ठीक, आणि टायमर लावा, हाताने चालू-बंद करण्यात एक दिवस चुकतोच. आणखी एक, तेवढेच मोल कमी तीव्रतेने जास्त तासात दिले तर लाइट कमी लागतात, म्हणजे सुरुवातीचा खर्च कमी होतो, त्यामुळे १० तास भडक लाइट मारण्यापेक्षा १६ तास मध्यम बरा.

जांभळा घ्यायचा का पांढरा? पांढरा घ्या, त्यात थोडे ६६० चे लाल दिवे असतील तर अजून चांगलं. झाड हिरवा प्रकाश वापरतच नाही हे जे सांगतात ते बरोबर नाही, मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच बऱ्याच पिकांवर मोजून दाखवलंय की हिरव्यातही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं, शिवाय हिरवा प्रकाश पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत जातो. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे जांभळ्या उजेडात पानं काळी दिसतात, मावा, भुरी, पिवळेपणा काहीच वेळेवर दिसत नाही, रोग हाताबाहेर गेल्यावर कळतो. मला हे कारण एकटंच पुरेसं वाटतं. निळा भाग साधारण १० ते २० टक्के असावा, त्याने रोप ठेंगणं आणि दणकट राहतं. ७०० च्या पुढचा फार-रेड जास्त असेल तर पानं मोठी होतात पण खोडही लांबतं, रोपवाटिकेत तो नको.

"रोपं लांबट, बारीक होऊन आडवी पडतायत" असं तिघा-चौघांनी लिहिलंय. बहुतेक वेळा प्रकाश कमी पडतोय किंवा लाइट फार वर टांगलाय. खाली घ्या, पण एकदम नाही, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा, नाहीतर वरची पानं फिकी पांढरट पडतील. ट्रेमध्ये दाटी असेल तर ती पण कमी करा.

आता एक गोष्ट जी विकणारा सांगत नाही. तो जो पीपीएफडी दाखवतो तो लाइटच्या बरोबर खाली मधोमध मोजलेला असतो. कडेला तो निम्माही असू शकतो. म्हणून रॅकचे नऊ भाग करा, पानाच्या उंचीला नऊ ठिकाणी मोजा, सरासरी काढा आणि सगळ्यात कमी आकडा सरासरीच्या ७० टक्क्यांच्या खाली नाही ना ते बघा. खाली असेल तर मधली रोपं तयार होतील आणि कडेची आठवडाभर मागे राहतील, काढणी एकत्र होणार नाही. एका मोठ्या पॅनलपेक्षा लांब पट्ट्यांचे लाइट रॅकवर प्रकाश जास्त सारखा पसरवतात. बाजूला पांढरा रंग किंवा पांढरा कागद लावला तरी कडेचा आकडा वाढतो, हा खर्च तर काहीच नाही.

उष्णतेचं पण धरा. एलईडी थंड असतो असं म्हणतात, पण १०० वॅट खाल्ले की जवळपास तेवढी उष्णता शेवटी खोलीतच राहते, आणि झाडांनी सोडलेली वाफ वेगळी. दहा लाइट म्हणजे एक हजार वॅटचा हीटर दिवसभर चालू. हवा बाहेर काढायची सोय, पंखा, लागलाच तर एसी, हे सगळं लाइटच्या खर्चात मोजा.

आयुष्याबद्दल, ५०,००० तास लिहिलेलं असतं पण पुढे एल ७० आहे का एल ९० ते विचारा. एल ७० म्हणजे तेवढ्या तासांनी प्रकाश ७० टक्केच उरणार. रोज १६ तासांनी ५०,००० तास म्हणजे साडेआठ वर्षं होतात, पण चिपच्या आधी बहुतेक ड्रायव्हरच, म्हणजे चिपला वीज पुरवणारा भागच जातो, म्हणून ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का आणि वॉरंटी किती हे लेखी घ्या. पाण्याजवळ वापरणार तर आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा लाइट पाहिजे आणि अर्थिंगला पर्याय नाही, यात काटकसर करू नका, ओल्या हाताने ट्रे हलवणारी घरचीच माणसं असतात.

आणि सगळे लाइट एकदम घेऊ नका. दोन कंपन्यांचा एकेक आणा, शेजारी शेजारी लावा, मध्ये पडदा, बियाणं तेच, पाणी तेच, खत तेच, दोन्हीला वेगळं वीज मीटर. काढणीला वजन करा आणि वजनाला जळालेल्या युनिटने भागा. एका युनिटमागे किती ग्रॅम माल निघाला, हा आकडा ज्याचा जास्त तो लाइट तुमच्यासाठी चांगला. पुढच्या खेपेला लाइटच्या जागा अदलाबदल करून परत एकदा बघा, कारण खोलीचा एक कोपरा गरम किंवा हवेशीर असतो आणि श्रेय लाइटला जातं.

पुढचा प्रश्न पाठवताना पीक कोणतं, रॅकची लांबी-रुंदी, प्लगवर मोजलेले वॅट, पानापासून लाइटचं अंतर, किती तास चालवता आणि खोलीचं तापमान एवढं लिहा, आणि पानांचा फोटो पांढऱ्या उजेडात काढलेला पाठवा.