सेल्युलोजचं जेल : पाण्याला घाई नको

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कापसातलं सेल्युलोज आयनिक लिक्विडमध्ये (कमी तापमानाला वितळणाऱ्या क्षारात), म्हणजे ब्युटाइल मिथाइल इमिडॅझोलियम क्लोराइडमध्ये, १०० अंशांवर विरघळवलं. द्रावण पारदर्शक झालं. पण जेलसाठी पाणी ओतताच पांढऱ्या गुठळ्या पडल्या. असं का झालं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : द्रावण पारदर्शक झालं ना, मग अवघड काम तुम्ही नीट केलंत. या लिक्विडमध्ये एक टक्का पाणी शिरलं तरी सेल्युलोज विरघळायला कुरकुर करतं. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने ही पद्धत मांडली, तेव्हाच हे दिसलं होतं.

सेल्युलोजचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. त्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. क्लोराइड आयन मध्ये शिरून ती पकड सोडवतात. पाणी आलं की क्लोराइड पाण्याकडे वळतात आणि साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात. ओतलेलं पाणी एकदम येतं, म्हणून दूध नासावं तशा गुठळ्या होतात. तेच पाणी सावकाश आलं, तर साखळ्यांना जाळं विणायला सवड मिळते.

म्हणून पाणी ओतूच नका. गरम द्रावण पेट्रीडिशमध्ये (प्रयोगशाळेतल्या उथळ बशीत) दोन-तीन मिलिमीटर जाडीचं पसरा आणि खोलीत उघडं ठेवा. हे क्षार हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतात. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात जुन-इची कादोकावा यांच्या गटाने २००८ मध्ये अशीच जेल केली. जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र डिश एका बंद डब्यात ठेवा आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवा. काही दिवसांनी डिश कलती करून पाहा. थर वाहिला नाही, बोटाने हलकेच दाबल्यावर परत वर आला, की जेल धरली.

अजून तिच्यात आयनिक लिक्विड आहे. आता ती पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. दर वेळी धुण्याच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून बघा. पांढरा साका येतोय तोवर क्लोराइड शिल्लक आहे. जेल सुकू देऊ नका. एकदा सुकली की पुन्हा पहिल्यासारखी फुगत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. या लिक्विडची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून त्याला सर्रास 'हरित' म्हणतात. पण पाण्यातल्या जिवांना ते घातक ठरू शकतं. धुण्याचं पाणी सिंकमध्ये सोडू नका. ते साठवा, आटवा, उरलेलं लिक्विड निर्वातात वाळवा आणि पुढच्या घाण्याला वापरा.