बागेतल्या शंका: व्हॉल्व्हचा डबा खचला, आता काय?

प्रश्न: दादा, नाशिकला आमच्या बंगल्यापुढे छोटंसं लॉन आहे, स्प्रिंकलरचे तीन इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह जमिनीत हिरव्या प्लास्टिकच्या डब्यांत बसवलेत. पावसाळ्यानंतर एक डबा एका बाजूने खाली गेला, त्यावरनं गवत कापायचं मशीन गेलं नि झाकण फुटलं. आत नुसता चिखल. आणि तो व्हॉल्व्ह टायमरवर उघडत नाही, हाताने फिरवला की मात्र उघडतो. माळीबुवा म्हणतात विटांचं चेंबर बांधू, खाली कोबा करू. करू का?

उत्तर: ताई, चेंबर हवं तर बांधा पण खाली कोबा अजिबात नको, नाहीतर त्याची टाकी होईल आणि पुढच्या पावसाळ्यात बेडूक पोहतील त्यात (आमच्याकडे पोहले, म्हणून सांगतोय).

आधी व्हॉल्व्ह. हाताने उघडतो म्हणजे पाणी येतंय, आतलं रबरही बहुतेक ठीकच आहे, भानगड बहुधा विजेची आहे. टायमर बंद करा आणि वायरीचा जोड उघडून बघा, साधी काळी टेप गुंडाळलेली असेल तर आत तांबं हिरवं पडलेलं सापडेल. हे व्हॉल्व्ह साधारण २४ व्होल्टवर चालतात, कॉइल (व्हॉल्व्हवरची तारेची गुंडाळी, वीज आली की तोच व्हॉल्व्ह उघडते) सीलबंद असते त्यामुळे ती ओलीला दाद देत नाही, मरतो तो जोड. वायर मागे कापून ग्रीस भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर लावा आणि हातभर वायर गुंडाळून जास्तीची ठेवा, पुढच्या वेळी दुवा द्याल. तरीही उघडला नाही तर मल्टिमीटरने कॉइल तपासा, २० ते ६० ओहम दाखवायला हवं, काहीच दाखवलं नाही तर कॉइल गेली.

आता डबा. तो खचला कारण बहुधा नुसत्या मातीवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाइपावरच टेकवला असणार. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर काही टेकवायचंच नाही. डबा काढा, खड्डा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठा करा आणि पाइपाच्या खाली अजून सहा इंच खोल जा. तळाशी मुरूम ठोकून चार कोपऱ्यांना चार विटा, त्यांच्यावर डबा, मधे जाडी खडी. पाइप जिथनं आत जातो तिथे डब्याची खाच करवतीने मोठी करा, पाइपाला डब्याचा भार लागता कामा नये, उरलेल्या फटीत जुनं वीड मॅट (तण रोखायला अंथरतात ते कापड) कोंबा म्हणजे माती आत येणार नाही. काळ्या मातीत खडीतलं पाणीही मुरत नाही, त्यामुळे उतार असेल तर तळातून एक छोटा पाइप बाहेर काढून द्या.

माती भरताना झाकण लावूनच ठेवा! नाहीतर ठोकताना भिंती आत वाकतात आणि मग झाकण बसतच नाही, मी स्वतः एकदा अख्खा खड्डा परत उकरलाय. झाकण मातीच्या लेव्हलला हवं, आडवी फळी ठेवून बघा, म्हणजे मशीन अडकत नाही. आणि भरण्याआधी एकदा पाणी सोडून पाइपाचे सगळे जोड कोरडे आहेत ना ते बघा.

नवीन झाकण घेताना जुन्याचे तुकडे दुकानात घेऊन जा, एका कंपनीचं दुसरीच्या डब्यावर सहसा बसत नाही. गाडी तिथनं जात असेल तर प्लास्टिकचा नाद सोडा, बिडाचं झाकण आणि विटांचं चेंबरच करा, पण तळ उघडा ठेवून.